कापलेला कोपरा

१

एक नंबरचे नाणे पेटीतून उचलताना पॉलिशवाल्याचा हात गरजेपेक्षा वर गेला.

भरलेली समजून रिकामी बादली उचलावी, तसे झाले. वीस ग्रॅमची सवय असलेली बोटे सहजी फसत नाहीत. त्याने नाणे खाली ठेवले, पुन्हा उचलले आणि शेजारच्या काट्यावर टाकले. काटा साडेनऊवर थांबला. झोपेतही बोलणारा म्हणून टांकसाळीत ज्याची ख्याती होती, तो माणूस ओरडतच साहेबांच्या खोलीकडे धावला.

शंभर वर्षांपूर्वी या गावच्या नदीला महापूर आला होता. पूल वाहून गेला आणि दोराच्या नावेवरच्या एका नावाडणीने तीन दिवस, दोन रात्री एकटीने दोर ओढून चारशे बारा माणसे पैलतीरी नेली. तेव्हाच्या नगरसभेने तिला सोन्याचे पदक जाहीर केले, आणि पूर ओसरला तसे ते पदकही ओसरले. पंचाहत्तराव्या वर्षी पुन्हा घोषणा झाली. तीही बोलाचीच कढी ठरली. आता शंभराव्या वर्षी मात्र खरोखरच सोन्याची शंभर नाणी पाडली होती, आणि त्यांवर दोर ओढणारी ती बाई होती. त्यातले एक नंबरचे नाणे उद्या अकरा वाजता समारंभात तिच्या नातीच्या हातात द्यायचे होते. आणि त्याच्या काचेच्या झाकणाच्या पेटीत आज मुलामा दिलेले पितळ निघाले होते.

तिजोरीच्या खोलीची किल्ली एकाच बाईकडे असे. एकतीस वर्षे ती तिच्या कमरेला होती, म्हणून सगळे तिला किल्लीताई म्हणत. सहा दिवसांनी ती निवृत्त व्हायची होती.

साहेबांनी कपाळ पुसले. "पाच वाजता मी पोलिसांना फोन करणार," ते म्हणाले. "त्याआधी पारखीबाईंना आणा. गाडी पाठवा."

किल्लीताईने ते ऐकले आणि हातातला चहाचा पेला न सांडता टेबलावर ठेवला. पेन्शन, अब्रू आणि एकतीस वर्षे, सगळेच आता पाच वाजेपर्यंतच्या मुदतीवर आले होते.

२

पारखीबाई गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांचे गुडघे कुरकुरले आणि फाटकावरची कमान शांत राहिली. ही कमान सोन्याच्या कणालाही ओरडायची. आत येताना बोटातली अंगठीसुद्धा काढून ठेवावी लागे, आणि बाहेर जाताना तर दातात सोने भरलेल्या माणसाची पाचावर धारण बसे. म्हणजे गेलेले सोने अजून इमारतीतच आहे, एवढे त्यांना दारातच कळले.

चौतीस वर्षे त्यांनी इथे सोन्याचा कस पाहिला होता. आता त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. व्हरांड्यात खोकी रचली होती. उद्याचा समारंभ झाला की टांकसाळ गावाबाहेरच्या नव्या इमारतीत जाणार होती. त्यांच्या कसाच्या खोलीत खुर्च्या कोंबल्या होत्या. व्हरांड्याच्या टोकाची अंधारखोली, जिथे त्यांचे फोटोवाले लाल दिव्याखाली बसत, तिथे आता झाडू आणि बादल्या होत्या. फोटोवाले हे त्यांच्या नवऱ्याचे टांकसाळीतले नाव. लग्नाआधी ते काही ना काही निमित्त काढून कसाच्या खोलीत यायचे. एकदा तर कोरा कागद वजन करायला घेऊन आले होते. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली होती. पारखीबाई त्या दारापाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग नाक पुसून पुढे गेल्या.

साहेबांच्या खोलीत त्यांनी भिंग काढले. साहेब दोन वर्षांपूर्वी बाहेरून आलेले, चाळिशीचे, कडक इस्त्रीचे.

पितळेचा तो तुकडा नजर ठरू नये इतका सुरेख होता. जाड कोट घातलेली बाई, अंग मागे रेललेले, डाव्या हाताने दोर ओढणारी, उजवा हात कोटाच्या खिशात. तिच्या मागे पाण्याच्या लाटा, आणि नावेच्या टोकाला एक छोटी फळी. त्या फळीचा वरचा उजवा कोपरा तिरका कापलेला होता, नखाने खुडावा एवढाच. पारखीबाईंचे भिंग तिथे थांबले. हा कोपरा आपण कुठेतरी पाहिला आहे असे त्यांना वाटले, पण काही केल्या आठवेना.

"चोर मूर्ख आहे," साहेब म्हणाले. "टांकसाळीत पितळ ठेवून सोनं पळवतो. अहो, इथला शिपाईसुद्धा हातात घेताच ओळखेल."

"मूर्ख असता तर काम असं केलं नसतं," पारखीबाई म्हणाल्या. "फसवायला एवढं सुरेख कशाला लागतं? हे प्रेमाने केलंय कुणीतरी. तिजोरीच्या खोलीत गेल्या दहा दिवसांत कोण कोण गेलं?"

साहेबांनी बोटांवर मोजले. किल्लीताई, पॉलिशवाला, ठसे कोरणारे उलटेराव.

"आणि?"

"आणि मी," साहेब जरा उशिराने म्हणाले.

३

किल्लीताई तिजोरीच्या दाराशी स्टुलावर बसली होती. पारखीबाईंना पाहून ती उठली, मग पूर्वीसारखी त्यांच्या खांद्याला टेकली, मग पुन्हा ताठ झाली.

"ताई, लिहून घ्या," ती म्हणाली. "किल्ली माझ्याकडेच होती. कुणाला दिली नाही, हरवली नाही, कुणी चोरली नाही. दार माझ्याशिवाय उघडत नाही."

"अगं, मी अजून काही विचारलंही नाही."

"विचारणारच ना. म्हणून आधीच सांगितलं."

पारखीबाईंनी कुलूप पाहिले. एक ओरखडा नव्हता. चोर असो वा साव, संकटात सापडलेला माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवतो, निदान दैवाकडे तरी. ही बाई मात्र सगळी बोटे स्वतःकडे वळवून बसली होती. डोळे लाल होते, पण आवाज कापत नव्हता.

टेबलावर उद्याच्या समारंभाची छापील पत्रिका पडली होती. तिच्यावर एका आकड्यावर पेनाने रेघ मारून वर दुसरा लिहिला होता.

"हे काय?"

"चारशे अकरा छापलंय. चारशे बारा हवं." किल्लीताईने पत्रिका सरळ केली. "टोपलीतलं मूल धरायला विसरलेत."

"एवढं बारीक लक्ष, आणि पेटीतलं नाणं बदललेलं दिसलं नाही तुला?"

किल्लीताईने खाली पाहिले. "डोळे म्हातारे झाले, ताई."

इतकी वर्षे खोट पकडत आलेल्या बाईला हे वाक्य पचणे कठीण होते. पण पारखीबाईंनी ते गिळले आणि घड्याळ पाहिले. बारा वाजून गेले होते.

४

पॉलिशवाला कपडे आणि नाणी दोन्ही आरशासारखी ठेवायचा, म्हणून त्याला चकचक म्हणत. त्याच्या पायात नवे कोरे बूट होते.

"बूट बायकोने घेतलेत," त्याने विचारण्याआधीच सांगितले. "माझ्याकडे असं बघू नका, मावशी. चोरी करून मीच ओरडेन होय? तसा हात दाखवून अवलक्षण करणारा मी नाही."

"हा तुकडा चाचणीचा असेल का रे? ठसा तयार झाला की आधी पितळेवर मारून बघतात ना?"

"बारा मारले होते. बाराच्या बारा मी स्वतः मोडीत टाकले." तो पुढे झुकला. "पण मावशी, काम काय आहे हो. पितळ असून मला हेवा वाटला. आणि एक सांगू का? ती नात आली होती इथे, दीड महिना झाला. नाण्याचं चित्र बघायला बोलावली होती. साहेबांच्या खोलीतून बाहेर आली ती लालबुंद होऊन. साहेबांनी आम्हाला सांगितलं, बाई आनंदाने भारावल्या. भारावलेलं माणूस दार असं आपटतं का?"

"तेव्हा आणखी कोण होतं तिथे?"

"उलटेराव होते. ते बाहेर आले ते एकदम गप्प. तसे ते गप्पच असतात म्हणा, पण हे जरा जास्तच होतं."

पारखीबाईंनी उरलेली नव्याण्णव नाणी मागवली. मखमलीच्या तबकात ती ओळीने बसली होती. त्यांनी दोन नंबरचे कडांना धरून उचलले आणि पितळेच्या तुकड्याशेजारी धरले. आधी त्यांनी नावेची फळी पाहिली. सोन्याच्या नाण्यावर फळीचा कोपरा शाबूत होता.

मग त्यांनी बाईकडे पाहिले, आणि भिंग दोनदा पुसले. सोन्यावरची बाई उजव्या हाताने दोर ओढत होती. डावा हात खिशात होता.

हा तुकडा या ठशाचा नव्हताच. कुणीतरी अख्खा दुसरा ठसा कोरला होता. पोलादात बाई, कोट, दोर, लाटा, सगळे पहिल्यापासून, आणि उलट बाजूने. त्या कामाला सव्वा महिना लागतो. आणि या इमारतीत ते करू शकणारा माणूस एकच होता.

५

उलटेराव आयुष्यभर आरशात जगले होते. ठशावर जे उलटे कोरायचे तेच नाण्यावर सुलटे उमटते, म्हणून चाळीस वर्षे त्यांनी प्रत्येक अक्षर, प्रत्येक चेहरा उलटा कोरला. वर्तमानपत्र टेबलाच्या पलीकडून वाचायचे. त्यांची सही आरशात धरल्याशिवाय वाचता येत नसे. फोटोवाल्यांचे ते जिवलग, आणि दोघांनी मिळून आणलेला एकच डबा रोज दुपारी पारखीबाईंच्या टेबलावर उघडत असे.

"या, वहिनी," ते म्हणाले. बसायला स्टूल पुढे केले.

"हल्ली काय चाललंय?"

"काही नाही. महिनाभर हातात काम नाही. आता ही हत्यारं गुंडाळायची, बस."

हत्यारे खरोखरच गुंडाळलेली होती. पण खोलीत राळेचा वास होता. कोरायचा तुकडा हलू नये म्हणून तो वितळलेल्या राळेत बसवतात. राळ गार झाली की दगडासारखी घट्ट होते आणि तिचा वास मरतो. पारखीबाईंनी टेबलावरच्या काळ्या गोळ्यावर सहज हात ठेवला. तो अजून कोमट होता.

"तो असता तर आज," उलटेराव एकदम म्हणाले, "शेवटचा फोटो काढला असता आपल्या सगळ्यांचा. आणि तुम्हाला मुद्दाम कडेला उभं केलं असतं."

"कडेला का?"

"म्हणायचा, हिला मधे उभं केलं की मला दुसरं कुणी दिसत नाही."

पारखीबाईंना हे नऊ वर्षांत कोणी सांगितले नव्हते. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि थोड्या वेळाने विचारले, "उलटेराव, दुसरा ठसा तुम्हीच कोरलात ना?"

म्हाताऱ्याने खिडकीबाहेर पाहिले. तिथे पलीकडच्या दालनात नाणी पाडायचे मोठे यंत्र सील लावून उभे होते. दुपारी ते हलवण्याआधी एकदा चालवून बघायचे ठरले होते. पण चोरी उघडकीला आली आणि साहेबांनी सगळेच थांबवले.

"पाच वाजेपर्यंत मला काही विचारू नका, वहिनी," ते म्हणाले. "पाचला मी स्वतःच साहेबांकडे जाणार आहे. किल्लीताईला काही होऊ देणार नाही."

म्हणजे तिलाही माहीत होते. अळीमिळी गुपचिळी दोघांची होती. पण का? सोन्याची सुरी असली म्हणून कोणी पोटात खुपसून घेत नाही, आणि हे दोघे तर सोन्यासाठी काडीही न उचलणारे. कारण या इमारतीत सापडणार नव्हते. पारखीबाईंनी छत्री घेतली आणि बाहेर पडल्या.

६

नावाडणीची नात नदीकाठच्या रस्त्यावर ताडपत्र्या शिवण्याचे दुकान चालवत होती. साठीची, रुंद खांद्यांची, तोंडात दोरा धरून बोलणारी.

"टांकसाळीतून आलात का? उद्या येते म्हणून सांगा त्यांना," ती म्हणाली. "येईन, नाणं बघीन, आणि तिथेच टेबलावर ठेवून परत येईन. त्या नाण्यावरची बाई माझी आजी नाही."

"चेहरा चुकलाय का?"

"चेहरा बरोबर आहे. हात चुकलाय." तिने सुई खाली ठेवली. "आजी सात वर्षांची असताना तिचा उजवा हात दोराच्या कप्पीत गेला. तीन बोटं गेली. तेव्हापासून जन्मभर तो हात कोटाच्या खिशात. आम्ही पोरं म्हणायचो, आजी, खिशात काय लपवलंयस, तर म्हणायची, खाऊ. तीन दिवस तिने नाव ओढली ती एकट्या डाव्या हाताने. तेच तर मोठेपण आहे ना तिचं? आणि यांनी तिला धडधाकट उजवा हात काढून दिला आणि चांगला डावा खिशात घातला."

"साहेबांना सांगितलं तुम्ही?"

"तोंडी सांगितलं, मग पत्र दिलं. ते म्हणाले, भिंतीवर फोटो आहे, त्यात उजवाच हात आहे, फोटो खोटं बोलत नाही. नाणी पाडून झालीत म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी." तिने दोरा दाताने तोडला. "दोनदा पदक देतो म्हणून दिलं नाही, त्याचं मला काही नाही. आजी हसायची त्यावर. पण तिसऱ्यांदा देताना दुसरीच बाई आणून उभी केली, हे लागलं मला."

पारखीबाई उठल्या. फोटो भिंतीवर होता. आणि टांकसाळीत जुने फोटो छापणारा माणूस एकच होता. चूक त्यांच्या घरातूनच निघाली की काय?

७

चार वाजता त्या साहेबांच्या खोलीत शिरल्या, काही न बोलता खुर्चीवर चढल्या आणि भिंतीवरची तसबीर उतरवली.

"अहो, पडाल," साहेब म्हणाले.

"किल्लीताईला बोलवा. उलटेरावांना बोलवा, आणि येताना राळेचा गोळा आणि हातोडा आणा म्हणावं. चकचकला बोलवायची गरज नाही, तो दाराला कान लावून उभा असेल."

तो होता.

पारखीबाईंनी तसबीर पालथी घातली. मागचा कागद जुना होता, पण कडेचा डिंक ताजा. त्यांच्या आधी कुणीतरी ती उघडली होती. त्यांनी कागद सोडवला, पुठ्ठ्याची चौकट बाजूला काढली आणि फोटो हातात घेतला. कोट घातलेली बाई, उजव्या हातात दोर. आणि इतकी वर्षे चौकटीखाली झाकलेला वरचा उजवा कोपरा, कात्रीने तिरका कापलेला.

त्यांना लाल दिव्याचा उजेड आठवला, ओले कागद आठवले, आणि कात्रीची कुट् अशी एकच चाल. डोळे भरून आले, पण आवाज त्यांनी आवरला.

"साहेब, ऐका," त्या म्हणाल्या. "ठशावर सगळं उलटं कोरावं लागतं. म्हणून आमचे फोटोवाले कोरणाऱ्यासाठी प्रत्येक फोटोची एक उलटी प्रत काढायचे. निगेटिव्हची काच पालथी घालून छापली की उजव्याचं डावं होतं. ती प्रत बघून ठशावर जसंच्या तसं कोरायचं, म्हणजे नाण्यावर बरोबर येतं. सरळ आणि उलटी प्रत एकमेकींत मिसळू नये म्हणून उलटीचा कोपरा कापायचा. हा त्यांचा शिरस्ता. पंचाहत्तराव्या वर्षीच्या पदकासाठी त्यांनी ही उलटी प्रत काढली. पदक बारगळलं. पुढे कुणा साहेबांना चित्र आवडलं, त्यांनी ते चौकटीत घातलं, आणि चौकटीने कापलेला कोपरा झाकला."

"मग?"

"मग पंचवीस वर्षांनी उलटेरावांनी हाच फोटो समोर ठेवला. सरळ समजून, सवयीने तो ठशावर उलटा कोरला. उलट्याचं उलट होऊन ठसा सरळ झाला, आणि नाण्यावर बाईचा हात बदलला. दुसरा कोणी असता तर त्याला काही खटकलं असतं. पण ज्याला चाळीस वर्षं उलटंच खरं दिसतं, त्याला कसं खटकणार?"

उलटेराव दारात उभे होते. "चूक त्याची नव्हती, वहिनी," ते म्हणाले. "तो सांगून गेला होता. मी चौकट उघडून बघितली नाही. ती नात बोलली त्या संध्याकाळी उघडली, तेव्हा कोपरा दिसला. रात्रभर झोप नाही आली."

"म्हणून नव्या ठशात फळीचा कोपरा कापलात."

"त्याची माफी दुसरी कशी मागणार? तुम्हाला कळेल असं वाटलं. इतक्या लवकर कळेल असं नव्हतं वाटलं."

पारखीबाई साहेबांकडे वळल्या. "यांनी घरी बसून दुसरा ठसा कोरला. पितळेवर मारून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही यंत्राला सील लावलंत. यांच्याकडे किल्ली नाही, कुलपावर ओरखडा नाही. म्हणजे दार किल्लीताईने उघडलं. एक नंबरचं सोनं आटवून यांनी कोरी चकती केली. काचेतून तुम्हाला पेटी भरलेली दिसावी म्हणून त्यात पितळ ठेवलं. आज दुपारी यंत्र चालवून बघताना चकती ठशाखाली घालायची, आणि संध्याकाळी खरं नाणं पेटीत. तेवढ्यात चकचकने काम चोख केलं."

दाराबाहेरून कोणीतरी खाकरले.

"आणि ते सोनं कुठे आहे?" साहेबांनी विचारले.

पारखीबाईंनी टेबलावरचा लहान हातोडा उचलून राळेच्या गोळ्यावर मारला. काळे कवच फुटले आणि आतून पिवळी, कोरी, गोल चकती घरंगळत बाहेर आली. त्यांनी ती बोटांत फिरवली आणि काट्यावर ठेवली. काटा वीसवर थांबला.

८

पारखीबाई किल्लीताईकडे वळल्या.

"ताई, तू का गं?" त्यांनी विचारले. "सहा दिवस राहिले होते."

"टोपलीतलं मूल," किल्लीताई म्हणाली. "आठ महिन्यांचं. ते माझे बाबा होते. त्या बाईच्या डाव्या हाताने ओढले म्हणून मी आहे. उलटेराव येऊन म्हणाले, हात चुकलाय. मी विचारलं, कधी हवी किल्ली?"

"भावना ठीक आहेत," साहेब म्हणाले. "पण परवानगीशिवाय सोनं आटवणं हा गुन्हा आहे. मला कळवावंच लागेल."

"कळवा ना," पारखीबाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त पहिल्यापासून कळवा. सोनं बाहेर गेलं नाही, गुंजभर कमी झालं नाही. टांकसाळीचा पहिला नियम मी इथे आल्या दिवशी शिकले. दोष दिसलेलं नाणं भट्टीत परत जातं. हा दोष तुम्हाला दीड महिन्यापूर्वी कळला, लेखी कळला. ते पत्रही जोडा. नियम यांनी चोरून पाळला, हा यांचा गुन्हा. तुम्ही उघडपणे मोडला, त्याला काय म्हणायचं ते पोलीस ठरवतील."

साहेबांचा हात फोनकडे गेला, मग टेबलाच्या खणाकडे. तिथून त्यांनी एक घडी घातलेले पत्र काढले आणि पुन्हा वाचले. पहिल्यांदाच नीट वाचत असावेत असा त्यांचा चेहरा झाला होता. घड्याळात पाचला दहा कमी होते.

"यंत्र गरम व्हायला किती वेळ लागतो?" त्यांनी विचारले.

"वीस मिनिटं," चकचक दारातूनच म्हणाला. "ठशाला शेवटचा हात मीच मारणार. आधी सांगून ठेवतो."

सील साहेबांनी स्वतः तोडले. त्या इमारतीत पाडलेले ते शेवटचे नाणे. यंत्राचा धक्का जमिनीतून पायांत आला, आणि पारखीबाईंना वाटले की चौतीस वर्षे हा धक्का आपण रोज अंगावर घेतला आणि त्याचे कौतुक कधी केले नाही. उलटेरावांनी नाणे कडांना धरून उचलले आणि सवयीने आरशात धरायला गेले. मग थांबून ते सरळच पाहिले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेबांनी भाषणात सांगितले की नव्याण्णव नाण्यांवर हात चुकला आहे आणि फक्त एकच नाणे खरे आहे. ते असे सांगितले की जणू सगळे त्यांनाच सुचले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. किल्लीताईने चकचककडे पाहिले आणि दोघांनी हसू लपवायला माना खाली घातल्या.

नात पुढे आली. ठेवून परत जायच्या तयारीने आलेली, ओठ घट्ट मिटलेले. तिने पेटी उघडली. बराच वेळ पाहत राहिली. मग तिने नाणे पेटीतून काढले, डाव्या तळहातावर ठेवले आणि मूठ मिटली.

"आजी आली," ती म्हणाली. एवढेच.

निवृत्तीच्या दिवशी किल्लीताईने किल्ली कमरेची काढून दिली, आणि त्या दिवशी दहा वेळा तिचा हात रिकाम्या कमरेवर गेला. पारखीबाईंनी टांकसाळीकडे एकच वस्तू मागितली आणि ती त्यांना मिळाली. घरी आणून त्यांनी तो फोटो पलंगासमोर लावला. बाई उलट्या बाजूने दोर ओढत होती, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात कात्रीची ती तिरकी रेघ होती. चौकट त्यांनी घातली नाही.